लेकींची सावड

मला भाकरी थापायला माझ्या आईनं शिकवलं नाही, समोरच्या घरातल्या गजराआईनं शिकवलं. आणि गजराआईच्या मंदाला शिकवलं माझ्या आईनं. हे सांगितलं की शाळेतल्या माझ्या सहकारी बाई अजूनही हसतात, पण आमच्या आळीत त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मध्ये, जिथं दोन्हीकडच्या एस.टी. सारख्याच उशिरानं पोचायच्या. आजोबांच्या वेळेपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन मुलुखभर फिरायची. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं विकून विहीर खणली आणि कांदा-ज्वारीत मन घातलं. मेंढरं गेली, मुक्कामाच्या तळावरची एक सवय मात्र मागं राहिली. तळावर कुणाचंच काम एकट्याचं नसतं. शेतीत ती सावड म्हणून टिकली. आज तुमच्या कांद्याला आमची माणसं, उद्या आमच्या काढणीला तुमची. मजुरी नाही, उपकार नाही, फक्त फेड व्हायला हवी. आई आणि गजराआई एकाच लगीनसराईत या आळीत नांदायला आल्या, दारं समोरासमोर मिळाली, आणि दोघींनी ही सावड शेतातून उचलून थेट स्वयंपाकघरात आणली. सारवण, पापड, कुरडया, डोक्याला तेल, दुखणं-खुपणं, सगळं सावडीनं. मंदाचे वडील ती रांगत असतानाच गेले, तेव्हापासून तर दोन घरांमधला रस्ता नावालाच उरला होता.

आमच्या, म्हणजे लेकींच्या, सावडीची सुरुवात भांडणातून झाली. मी पाचवी-सहावीत असेन. आईनं मला परातीपुढं बसवलं आणि रोज दुपारी आमच्या घरातून रडारड ऐकू यायला लागली. माझी भाकरी तव्यावर पडायच्या आधी फाटायची आणि आईचा धीर त्याच्याही आधी सुटायचा. "हात हाय का फावडं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही पीठ मळताना कानात वाजतं. एके दिवशी मी तणतणत दाराबाहेर आले, तर समोरून मंदा तशीच पिठाच्या हातांनी नाक पुसत बाहेर येत होती. दोघींच्या मागोमाग दोन्ही आया दारात आल्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींना हसू आवरेना. गजराआई पदर तोंडाला लावून म्हणाली, "पारू, तुझी हिकडं दे, माझी तू घे. दुसरीच्या पोरीला कुणी एवढं टाकून बोलत न्हाई." आईनं मला दंडाला धरून रस्ता ओलांडून दिलं आणि मंदाला घेऊन गेली. एक नियम तेवढा ठरला. ज्या घरात बसायचं, तिथल्या बाईला आई म्हणायचं.

गजराआईनं चार शेळ्या-मेंढ्या ठेवलेल्या होत्या, त्यामुळं तिच्या घराला दूध, लोकर आणि शेणकुटांच्या धुराचा मिळून एक वास होता. मला तो फार आवडायचा. चुलीच्या वर फळीवर रेडिओ असायचा, त्याला घोंगडीच्या तुकड्याचा अंगरखा शिवलेला. रेडिओवर बाजारभाव लागले की ती भाकरी थांबवून ऐकायची, जसा काही तिचा ट्रकभर कांदा मार्केटला निघालाय. माझी भाकरी फाटली तर म्हणायची, "फाटू दी. कुत्र्याला बी जेवाय लागतं." महिन्याभरात माझी भाकरी फुगायला लागली. समोरच्या घरातून मंदाच्या थापण्याचा आवाज यायचा आणि मधूनमधून माझ्या आईचा. मंदाशी बोलताना आईचा आवाज असा मऊ व्हायचा की ही आपलीच आई का, असं वाटावं. "हळू गं माझी बाई, चटका बसंल." मला कधी ती 'माझी बाई' म्हणाली नव्हती. मला मंदाचा राग येत नसे, ती होतीच तशी, कुणालाही आवडावी अशी. पण तो आवाज मला हवा होता, आणि तो माझ्या वाट्याला आला नाही याचं वाईट वाटायचं.

संध्याकाळी हापशावर आम्ही दोघी हिशोब चुकता करायचो. मी मंदाला सांगायचे, तुझी आई म्हणाली मंदीसारखी शिलाई आळीत कुणाची न्हाई. ती मला सांगायची, तुझी आई म्हणाली सुमीला एकदा वाचलेलं इसरत न्हाई. आपल्या तोंडावर आपलं कौतुक करायचं नाही, हे दोन्ही आयांनी जणू ठरवून घेतलं होतं. कौतुकसुद्धा रस्ता ओलांडूनच यायचं. हळूहळू मनातलंही तसंच जायला लागलं. मला काही हवं असलं की मी ते गजराआईच्या चुलीपुढं बोलायचे. मंदा माझ्या आईपुढं बोलायची. आता वर्गातल्या मुलींच्या आया माझ्याकडं तक्रार घेऊन येतात, बाई, ही आमच्याशी काही बोलतच नाही. मी विचारते, तुमची एखादी मैत्रीण आहे का जवळ? त्यांना वाटतं, बाईंनी विषय बदलला.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात दौंडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत नोकरीला, घरचं शेत, माणसं आमच्यातलीच. आप्पांना ते इतकं पसंत पडलं की ते दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होते. मला डी.एड. करायचं होतं. मास्तरीण होऊन खडूनं फळ्यावर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहायची, एवढंच माझं स्वप्न होतं आणि ते मी उराशी घट्ट धरलं होतं. पण घरात बोलायची सोय नव्हती. आईपुढं विषय काढायला गेले की पहिल्या वाक्यालाच आमची जुंपायची. "शिकून कुठं जायचंय? भाकरी तर थापायचीच हाय," असं ती म्हणाली की मी उठून जायचे. मंदानं दहावीनंतर शाळा सोडली होती, गणितानं तिला आणि तिनं गणिताला रामराम केला होता. ती माझ्याहून वर्षानं मोठी, पण तिच्यासाठी स्थळ येत नव्हतं. वडील नाहीत, पाठीला भाऊ नाही, बैठकीत बोलणार कोण, असं लोकांचं म्हणणं.

पाहुणे दुपारच्या गाडीनं यायचे होते. मला साडी नेसवायचं काम अर्थातच गजराआईकडं, कारण आईनं निऱ्या घातल्या असत्या तर पाहुणे येईपर्यंत आमचं भांडण संपलं नसतं. माझ्या चुलतीनं नाक मुरडलं होतं, अशा कामाला विधवा बाई कशाला म्हणून. आईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी समोर, तर मंदा आमच्या चुलीपुढं पाहुण्यांच्या भाकरी करायला. रोजचीच सावड. मुलाची आत्या यवतला राहायची. सगळ्यांबरोबर न येता ती सकाळीच वडापच्या जीपमध्ये बसून एकटी आली. मांडून ठेवलेल्या घरात सगळंच चांगलं दिसतं, आपण न मांडलेलं बघावं, असं तिचं मत होतं. ती आमच्या मागच्या दारानं आत आली आणि म्हणाली, "वाईच पाणी मिळंल का?"

मंदा पिठातून हात न काढता म्हणाली, "आई, कुणीतरी पाणी मागतंय." आईनं माठातून तांब्या भरून दिला. आत्याबाई तव्याकडं बघत उभ्या राहिल्या. भाकरी टम्म फुगली होती.

"कुणी शिकवलं गं?" त्यांनी विचारलं.

"आईनं," मंदा म्हणाली.

"तुमचीच व्हय?" त्यांनी आईला विचारलं.

आईला वाटलं, कुणीतरी वाटसरू बाई आहे. ती नेहमी म्हणायची तेच म्हणाली, "व्हय. माझीच."

मग आत्याबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली, मंदाच्या कपाळाला बोट टेकवलं आणि तिच्या पिठाच्या हातात नारळ ठेवला. "आता काय बघायचं ऱ्हायलंय? ही पोर आमची झाली," त्या म्हणाल्या. आईला तेव्हा कुठं उलगडा झाला की ही बाई कोण. मी रस्ता ओलांडून, निऱ्या सांभाळत आत आले तर तव्यावरची भाकरी करपली होती, मंदा नारळ धरून पुतळ्यासारखी बसली होती आणि आत्याबाई जात्यावर टेकून पदरानं वारा घेत होत्या. "आन् ही कोण?" त्यांनी मला बघून विचारलं.

आईनं सांगितलं. आत्याबाईंचा चेहरा पडला, पण बाई मोठी सरळ होती. म्हणाली, "चूक माझी. पर दिलेला नारळ म्या माघारी घेत न्हाई. आमच्यात तसलं चालत न्हाई." दुपारी बाकीची मंडळी आली. मी रीतसर पोहे दिले, नाव सांगितलं, खाली बघून बसले. आत्याबाईंनी भावाला बाहेर नेऊन काय घडलं ते सांगितलं असावं. जाताना मुलाचे वडील आप्पांना म्हणाले, "राग मानू नका. आमच्या बहिणीनं कुंकू लावलंय, तीच पोरगी करावी म्हणतो. पौर्णिमेच्या आत काय ते कळवा." आपल्याला बघायला आलेल्यांनी दुसरीला पसंत केलं की कुणालाही लागतंच. मलाही थोडं लागलं. पण त्याच्याखालून असं काही हलकं वाटत वर आलं की मला पदर तोंडात धरावा लागला. लोकांना वाटलं, पोर रडतेय.

दिवेलागणीला आई नारळ घेऊन समोर गेली. मी आमच्या ओट्यावर बसून ऐकत होते.

"पारू, ह्यो नारळ तुझ्या चुलीपुढं दिलेला हाय. माझ्या उंबऱ्यात आणू नगंस," गजराआई म्हणाली.

"पोरीच्या हातात दिलाय. पोर कुणाची?"

"उद्या आळी म्हणंल, नवरा न्हाई त्या बाईनं मैत्रिणीच्या लेकीचं स्थळ वढून नेलं."

"आळीचं ऱ्हाऊ दी. मी देतीय न्हवं?"

"तू देतीयास म्हणून तर नगं. आजवर तुझ्याकडनं जे घेतलं त्याची फेड केली. ह्याची फेड मी कशी करू?"

आई नारळ तिच्या ओट्यावर ठेवून आली. सकाळी तो आमच्या ओट्यावर होता. आईनं पुन्हा नेऊन ठेवला. असं रोज चाललं. नारळ इकडून तिकडं जात होता आणि त्या दोघी मात्र एकमेकींशी शब्द बोलत नव्हत्या. घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. आई माझ्याशी भांडतसुद्धा नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली. त्यात आप्पांनी जेवताना काढलं, "गजराला नको असंल तर तसं कळवू, आन् आपल्या सुमनचंच परत बोलू. माणसं चांगली हायेत." मी ताटावरून उठले. पौर्णिमा जवळ येत होती.

याच दिवसांत कुरडयांचे गहू भिजत पडलेले होते, दोन्ही घरांत, नेहमीप्रमाणं एकाच वेळी. गहू कुणाचा रुसवा-फुगवा बघत नाहीत, ते आंबायचे तेव्हा आंबतात. वाटून, पिळून, रात्रभर निवळत ठेवलेला चीक सकाळी उकळत्या पाण्यात घालायचा असतो, आणि ते एकटीचं काम नाही. एकीनं ओतायचं, दुसरीनं घोटत राहायचं, हात थांबला की गुठळ्या. दरवर्षी एका घरचं आटोपलं की दोघी दुसऱ्या घरी जायच्या. त्या सकाळी आई चुलीपुढं एकटीच पातेलं ठेवून बसली होती. मग मंदा आली, पदर खोचला आणि घोटणं हातात घेतलं. ते बघून मीही उठले आणि समोर गेले. आम्ही काही ठरवलं नव्हतं. आयांनी सावड मोडली असेल, आमची कुणी मोडली होती?

गजराआई ओतत होती, मी घोटत होते. ती म्हणाली, "लागलं का गं तुला? तुला सोडून माझीला बघितली म्हणून?"

"थोडंसं," मी म्हणाले. "पण आई, मला ते स्थळ नकोच होतं. मला डी.एड. करायचंय. मास्तरीण व्हायचंय."

तिचा हात थांबला. "पारूला सांगितलंस?"

"तिच्याशी बोलायला गेलं की भांडण होतं."

"घोट, घोट, गुठळी धरतीय." तिनं पुन्हा ओतायला सुरुवात केली. मग हळूच विचारलं, "आन् मंदीच्या मनात काय हाय?"

मला ठाऊक होतं. मंदानं हापशावर सांगितलं होतं. पोहे खाऊन मंडळी बोलत बसली होती तेव्हा दारातलं ऊन चपलांवर आलं, आणि त्या मुलानं कुणी न सांगता उठून वडिलांच्या चपला सावलीत सारल्या. मंदानं ते चुलीपाशी बसून दाराच्या फटीतून पाहिलं होतं. "बापाच्या पायाला चटका बसंल एवढं ज्याला कळतं, त्याच्याबरोबर माझं निभंल," ती मला म्हणाली होती. पण ते मी सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "ते तू माझ्या आईला विचार. तिला सांगितलं असेल तिनं."

गजराआईनं वाटीत गरम चीक घेतला, वर दूध आणि साखर घातली, आणि उठली. आईला चीक असाच लागायचा. ती दारात पोचली तर समोरून आई बाहेर येत होती, तिच्याही हातात वाटी. मंदानं तिकडं काय सांगितलं ते वेगळं विचारायला नकोच. रस्त्याच्या मधोमध दोघी थांबल्या. आम्ही दोघी आपापल्या, म्हणजे एकमेकींच्या, दारातून बघत होतो.

"तुझीला काय पायजे ते ठावं हाय का तुला?" गजराआईनं विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "तुझीला काय पायजे ते ठावं हाय."

"मग बस. सांग."

त्या आमच्या ओट्यावर बसल्या, नारळ त्या दिवशी तिथंच होता, त्याच्या दोन बाजूंना. वाट्यांमधला चीक गार होऊन थिजला तरी बोलणं संपलं नाही. इकडं पातेल्यातला चीक घट्ट व्हायला लागला होता, म्हणून मी गजराआईच्या कुरडया एकटीनं सोऱ्यानं घातल्या आणि मंदानं आमच्या. त्या वर्षीच्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या, तळल्या की कुठंही फुगायच्या. उठताना गजराआईनं नारळ उचलला आणि पदरात घेतला. "ह्याची फेड म्हणून तुझी सुमी शिकू दी," ती म्हणाली. "ती शिकंस्तवर दुसरं स्थळ बघायचं न्हाई. कबूल?" आईनं मान हलवली. जेवताना तिनं आप्पांना सांगितलं, "गजराचा होकार कळवा. बैठकीत तिच्या बाजूनं तुम्हीच बसायचं. आन् सुमी डी.एड. करनार हाय." आप्पा दोन दिवस मिशीला हात न लावता फिरले, मग स्वतःच शिरूरला जाऊन माझा प्रवेश अर्ज घेऊन आले.

मंदाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. आप्पांनी मुलीच्या बापासारखी बैठक सांभाळली. मी डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्नानंतर शिक्रापूरला स्थायिक झाले. नवरा सणसवाडीला कंपनीत होता. आता पन्नाशी उलटली. हे लिहितेय तर बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागलीय, आणि आतल्या खोलीत रेडिओवर कांद्याचे भाव चाललेत. ऐकणारी गजराआई आहे. आप्पा गेल्यावर गावचं घर बंद झालं, तेव्हा आईला मी माझ्याकडं आणलं आणि गजराआई मंदाकडं दौंडला गेली. वर्षभरात दोन्ही घरांचा जीव नकोसा झाला. आई माझ्या भाजीत मीठ शोधायची, गजराआई मंदाच्या सुनेला नव्हे, मंदालाच बोलायची. एके रात्री मंदाचा फोन आला. ती आधी हसलीच. मग म्हणाली, "सुमे, सावड करायची का?" दिवाळीला आम्ही आया बदलल्या. तेव्हापासून आई दौंडला मंदाच्या देवघरापुढं बसून सगळ्यांशी गोड बोलते, आणि गजराआई माझ्या फाटलेल्या पोळीला अजून म्हणते, फाटू दी.

गेल्या आठवड्यात मंदाचा फोन आला होता. आईला ताप होता, उतरलाय, काळजी करू नको म्हणाली. मग म्हणाली, "काल पाय चेपत बसले होते तर जुनं बोलत होती. नारळाचं. म्हणाली, मंदे, तुझ्या हातात नारळ पडला तवा खरं तर मला वाईट वाटाय पायजे होतं. पर बरं वाटलं बघ. म्हटलं, माझी बाई आजून दोन वर्सं घरात ऱ्हाईल."

"हे तिनं मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

ते खरंच होतं. मी फोन ठेवला. आतून गजराआईनं विचारलं, "काय म्हणती गं पारू?"

"बरी आहे."

"आन् रडतीयास कशाला मग?"

मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, कारण तिला सांगता येतं.